जोड लावण्यापूर्वीचा खर्च

कुत्र्याच्या खुब्याचा सांधा हा उखळी सांधा असतो, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत बसलेला असतो. ही वाटी उथळ राहिली किंवा सांध्याची पकड सैल राहिली, तर माथा वाटीच्या कडेवर घासत राहतो, कूर्चा झिजते आणि पुढे कायमचा संधिवात जडतो. या विकाराला पशुवैद्यकात हिप डिस्प्लेशिया म्हणतात. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा थोराड बांध्याच्या जातींमध्ये तो विशेष आढळतो, आणि हिंगोली, वसमत, कळमनुरी या गावांतील बंगल्यांपासून शेतातल्या आखाड्यांपर्यंत याच जातींची पिल्ले आता हौसेने आणली जात असल्यामुळे हा प्रश्न केवळ परदेशी ग्रंथांतला राहिलेला नाही.

विकाराचे मूळ एका जनुकात नसून अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामात आहे. त्यामुळे धडधाकट चालणाऱ्या नर-मादीच्या पोटीही सदोष खुब्याची पिल्ले जन्मू शकतात, आणि आठ आठवड्यांचे पिल्लू विकले जाते तेव्हा त्याच्या चालीत बहुधा काहीच दिसत नाही. आहाराचाही यात वाटा आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर जन्मभर चाललेल्या एका अभ्यासात, जोडी लावलेल्या भावंडापेक्षा २५ टक्के कमी अन्न मिळालेल्या कुत्र्यांचे सांधे अधिक चांगले राहिले आणि त्यांचे मध्यक आयुष्य जवळजवळ दोन वर्षांनी वाढले. गुटगुटीत पिल्लू म्हणजे निरोगी पिल्लू, ही समजूत म्हणूनच सोडून द्यावी लागते.

खुबा पाहण्याचा खात्रीचा मार्ग एक्स-रेचा आहे; त्यासाठी कुत्र्याला गुंगीचे औषध देऊन उताणे निजवतात, मागचे पाय सरळ ताणतात आणि वाटीत माथा किती बसतो ते पाहतात. अमेरिकेत १९६६ साली स्थापन झालेली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था अशा चित्रांना उत्कृष्टपासून तीव्र सदोषपर्यंत सात श्रेणी देते, मात्र अंतिम दाखला कुत्र्याला २४ महिने पूर्ण झाल्यावरच मिळतो. ब्रिटनमध्ये दोन्ही खुब्यांना मिळून ० ते १०६ गुण दिले जातात आणि तेथे गुण जितके कमी तितका सांधा चांगला मानतात. भारतात २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार प्रजनकाने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक असून मादीचे किमान वय १८ महिने ठरवले आहे. कायद्याने जोड लावता येते ते वय आणि खुब्याविषयी शेवटचा निर्वाळा मिळतो ते वय, यांत सहा महिन्यांचे अंतर उरते, आणि हे सहा महिने थांबण्याचे काम प्रजनकाच्या विवेकावरच सोपवलेले आहे.

या थांबण्याला किंमत आहे. हिंगोलीत पशुवैद्यक महाविद्यालय नाही. जवळचे महाविद्यालय परभणीला आहे. प्रवास, भूल, चित्र आणि ते वाचणाऱ्या तज्ज्ञाचे शुल्क हा खर्च डोळ्यांना दिसतो, पण खरा भार त्यापुढचा आहे: दोन वर्षे पोसलेल्या मादीचा खुबा सदोष निघाला, तर तिच्यापासून एकही वेत न घेता तिला मरेपर्यंत सांभाळणे. बहुतेकांचे पाऊल येथेच अडखळते, आणि ही अडचण खोटी नाही. तथापि तपासणी टाळल्याने खर्च नाहीसा होत नाही. तो पिल्लू घेणाऱ्याकडे वेदनाशामके आणि शस्त्रक्रियेच्या रूपाने जातो, आणि दुखण्यापुरता तो त्या मुक्या जिवाच्या वाट्याला येतो, ज्याची संमती कोणी घेतलेली नसते.

ज्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, तेथे पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा घरोघरी ठाऊक आहे. त्या कथेतील करुणा कुत्र्याच्या कण्हण्याची वाट पाहत नाही. कोरडा घास त्याला बाधेल, हे ती आधीच ओळखते. प्रजननातील करुणेलाही हेच पूर्वज्ञान लागते, कारण लंगडणे दिसू लागते तेव्हा निर्णयाची वेळ टळून गेलेली असते.

मराठवाड्याला निवडीचे शास्त्र परके नाही. लाल कंधारी किंवा देवणीचा वळू निवडताना शेतकरी त्याचे पाय, खूर आणि वंश पारखून घेतो. याच भागातील कारवान कुत्र्याची निवडही पिढ्यान्पिढ्या धावण्यावरून होत आली. दृष्टीने माग काढून धावणाऱ्या ग्रेहाउंड, सालुकी यांसारख्या जातींत खुब्याचा हा विकार फारच कमी आढळतो, यामागे धावण्याच्या कामाने केलेली चाळणी असावी असे मानण्यास जागा आहे. फाटकाशी बांधून ठेवण्यासाठी वाढवलेल्या लॅब्रॅडॉरची अशी परीक्षा कोणतेही काम घेत नाही, म्हणून ती माणसाने जाणूनबुजून घ्यावी लागते.

या परीक्षेची आणखी एक अट तितकीच महत्त्वाची आहे. मालक चांगले चित्र तेवढे पुढे करून वाईट चित्र दडवू लागले, तर संपूर्ण नोंदवही फसवी ठरते. स्वीडनमध्ये म्हणूनच खुब्याचे चांगले-वाईट सर्व निकाल केनेल क्लबच्या खुल्या नोंदीत राहतात आणि आई-बापांबरोबर भावंडांचे सांधेही पाहता येतात. महाराष्ट्रातील श्वानप्रेमी मंडळांनी आणि पशुवैद्यक महाविद्यालयांनी मिळून अशी खुली नोंद सुरू करणे अशक्य नाही, आणि एकाच फेरीत अनेक कुत्र्यांची तपासणी ठेवल्यास लहान गावातील प्रजनकाचा खर्चही वाटला जाईल. तोपर्यंत पिल्लू घेऊ इच्छिणाऱ्याने आई-बाप दोघांच्या खुब्याचे एक्स-रे आणि त्यांवरील तज्ज्ञाचा अभिप्राय मागावा, आणि जो ते मोकळेपणाने दाखवतो त्याच्याशी किमतीवरून घासाघीस करू नये.