नावेतली माणसे आणि काठावरचा माणूस

कलकत्त्याच्या पूर्वेकडील सॉल्ट लेक या उपनगराच्या नावात जे सरोवर आहे, ते जमिनीवर आता शोधूनही सापडत नाही. मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र राय यांच्या पुढाकाराने १९६२ साली तेथे भरावाचे काम सुरू झाले. हुगळीच्या पात्रातून उपसलेला गाळ नळांवाटे आणून खाऱ्या पाणथळीत ओतण्यात आला आणि दोब्रिवोये तोश्कोविच या युगोस्लाव्ह वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे त्यावर सेक्टर, ब्लॉक, उद्याने व रुंद रस्ते यांचे नगर उभे राहिले. ज्या पाण्यात मच्छीमारांच्या होड्या फिरत, त्या पाण्याच्या जागी नोकरदारांची आणि निवृत्तांची घरे आली. पूर्वेला उरलेल्या पाणथळीपैकी साडेबारा हजार हेक्टर क्षेत्राला २००२ साली रामसर करारान्वये संरक्षण मिळाले, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. नलबनच्या भेडीत पुढे नौकाविहाराची सोय झाली. पाणी बुजवून नगर वसवावे आणि मग नगरवासीयांच्या करमणुकीसाठी उरलेल्या पाण्यात नाव सोडावी, हा क्रम आधुनिक नागरी जीवनाचा नमुनाच म्हणावयास हवा.

या नगरातली दहाबारा माणसे सुट्टीच्या दिवशी पहाटे एकत्र निघतात, मोटारीने गोदखालीला किंवा फ्रेझरगंजला पोहोचतात, भाड्याच्या यांत्रिक नावेत बसतात, बेटांच्या आणि वाळूच्या किनाऱ्यांच्या कडेकडेने हिंडतात, नावेतच शिजलेले मासे आणि भात खातात आणि रात्री घरी परततात. यात निषेध करण्यासारखे काही नाही. समुद्र आणि अरण्य पाहावे ही इच्छा माणसाच्या निरागस इच्छांपैकी एक आहे. प्रश्न निराळाच आहे. एका दिवसापुरती, पैसे भरून एका नावेत बसलेली ही माणसे एकमेकांची कोण लागतात? आणि ज्या काठांवरून ती जातात, त्या काठांवरच्या माणसांची ती कोण लागतात?

मराठी वाचकाच्या मनात नाव म्हटली की भवसागर येतो. संतांच्या रूपकसृष्टीत नाव आहे, तारू आहे, पैलतीर आहे आणि पार नेणारा नावाडीही आहे. परंतु त्या नावेत शेजारी कोण बसले आहे, याकडे रूपकाचे लक्ष फारसे जात नाही. तरून जाणे हा तेथे ज्याचा त्याचा व्यवहार. गंगेच्या मुखाशी, जेथे दर भरतीला किनारा बदलतो, तेथील वाङ्मयाने मात्र नावेकडे छोटा समाज म्हणून पाहिले. त्या समाजाची परीक्षा त्याने एकाच प्रसंगात घेतली आहे: नाव निघते तेव्हा काठावर कोण राहते?

बंकिमचंद्रांची 'कपालकुंडला' १८६६ साली प्रसिद्ध झाली. गंगासागराची यात्रा आटोपून परतणारी एक नाव धुक्यात वाट चुकते, इथून कथेला प्रारंभ होतो. यात्रेकरूंत नवकुमार नावाचा एक तरुण आहे. तो पुण्यासाठी आलेला नाही. समुद्र पाहण्याची हौस होती म्हणून आलो, असे तो एका वृद्धाला सरळ सांगतो आणि पाण्याकडे पाहून त्याला कालिदास आठवतो. बंगाली कादंबरीतला हा बहुधा पहिला पर्यटक. धुके विरल्यावर नाव वाळूच्या किनाऱ्याला लागते. स्वयंपाकाला लाकडे नाहीत. रानात वाघाचे भय, म्हणून जायला कोणी तयार नाही. नवकुमार कुऱ्हाड घेऊन एकटा उतरतो. तो परतण्यापूर्वी भरती येते, नाव प्रवाहात ओढली जाते, आणि ती पुन्हा किनाऱ्याकडे वळवायची की नाही यावर नावेत खल होतो. वळवावयास कष्ट आहेत, वेळ आहे, धोका आहे. मग कोणाला तरी सुचते की त्याला एव्हाना वाघाने खाल्लेच असेल. हा तर्क सर्वांना सोयीचा वाटतो आणि सोयीचा वाटताच खरा वाटू लागतो.

बंकिमचंद्रांनी येथे कोणालाही दुष्ट ठरवलेले नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे. नावेत एकही खलपुरुष नाही. ज्याने सर्वांसाठी लाकडे आणावयाचे पत्करले त्याला सर्वांनी मिळून सोडले, आणि 'मिळून' या शब्दातच कोणा एकाचा अपराध विरघळून गेला. लेखक कथा क्षणभर थांबवून या कृतघ्नतेवर भाष्य करतो. ते भाष्य बंगालीत म्हणीसारखे रूढ झाले आहे. पण त्याहून भेदक आहे तो नावेतला संवाद. साध्या, थकलेल्या, घरी जाण्यास उत्सुक असलेल्या माणसांचे ते बोलणे कोणत्याही सहलीच्या संध्याकाळी ऐकू येईल असे आहे.

रवींद्रनाथांच्या 'देवतार ग्रास' या कथाकाव्यातही सागरयात्रेचीच नाव आहे. मोक्षदा ही विधवा यात्रेला निघते, तिचा लहान मुलगा राखाल हट्टाने नावेत जाऊन बसतो आणि ती संतापाच्या भरात बोलून जाते की चल, तुला सागरालाच देऊन येते. परतताना वादळ होते. कोणीतरी देवाला देऊ केलेले दिले नाही, असे नावाडी म्हणतो, आणि यात्रेचे पुढारीपण करणारा ब्राह्मण मोक्षदेकडे बोट दाखवतो. आईच्या एका रागाच्या वाक्याचा नवस होतो आणि मूल पाण्यात जाते. मागाहून तो ब्राह्मणही पाण्यात उडी घेतो. 'कपालकुंडले'त आळसाने केले ते येथे भयाने केले, आणि भयाला धर्माचा आधार सापडला. त्या उडीने काय साधले, हे कवी सांगत नाही. न सांगणेच योग्य होते.

तिसरी कथा ग्रंथालयांपेक्षा नावाड्यांच्या तोंडी अधिक आहे. सुंदरबनात हिंदू आणि मुसलमान दोघेही जिला मानतात त्या बनबीबीच्या आख्यानात धोना नावाचा मधाचा व्यापारी दुखे या गरीब विधवेच्या मुलाला नावेवर कामाला नेतो. अरण्याचा स्वामी दक्षिणराय मध आणि मेण द्यावयास तयार आहे; मोबदल्यात त्याला माणूस हवा. धोना दुखेला केंदोखालीच्या काठावर उतरवून नावा हाकारतो. येथे भय नाही, विस्मरण नाही; सरळ सौदा आहे. दुखे आईने सांगितल्याप्रमाणे बनबीबीला हाक मारतो आणि वाचतो. पुढे धोनाला क्षमाही होते, त्याची मुलगी दुखेला दिली जाते. ज्यांना पुन्हा त्याच गावात आणि त्याच नावांत राहावयाचे आहे, त्यांच्या कथेत वैर शेवटपर्यंत नेणे परवडत नाही. मात्र एक अट त्या समाजाने आजवर सांभाळली आहे: अरण्यात जाताना मन स्वच्छ असावे आणि गरजेपेक्षा अधिक घेऊ नये.

पाश्चात्त्य नीतिविचारालाही नावेचे आकर्षण आहे. 'मिन्योनेट' हे जहाज बुडाल्यावर होडीत उरलेल्या तिघा खलाशांपुढे सोबतच्या पोरसवदा नोकराचा प्रश्न आला; त्यातल्या दोघांनी त्याला मारले आणि तिघांनी त्याच्या मांसावर जीव जगवला. १८८४ साली इंग्लंडच्या न्यायालयाने निर्णय दिला की निकड ही खुनाची सबब होऊ शकत नाही. शिक्षा मृत्युदंडाची झाली, पण नंतर ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली. तत्त्व आणि दया दोन्ही राखण्याचा तो इंग्रजी मार्ग. येथेही बळी गेला तो नावेतला सर्वांत लहान आणि सर्वांत निराधार. पुढे १९७४ साली गॅरेट हार्डिन यांनी श्रीमंत राष्ट्रांना जीवरक्षक होडीची उपमा दिली. होडीत पन्नास माणसे, जागा साठांची, पाण्यात शंभर. सर्वांना घ्याल तर सारेच बुडाल, असा त्यांचा युक्तिवाद. त्यातले अंकगणित निर्दोष आहे. दोष उपमेच्या आरंभात आहे. पन्नास जण होडीत आधी कसे आले, होडी कोणाच्या लाकडाची, आणि पाण्यातले शंभर पाण्यात कोणी लोटले, हे ती विचारू देत नाही. नवकुमारला सोडून गेलेल्या नावेतही उरलेल्यांना पुरेशी जागा होतीच.

हार्डिन यांच्या पूर्वी तीन वर्षे पीटर सिंगर यांनी उलट बाजू मांडली होती. उथळ तळ्यात बुडणारे मूल दिसले तर कपडे खराब होतील म्हणून कोणी काठावर उभा राहत नाही. मग ते मूल दूर देशात असल्याने कर्तव्य का बदलावे? १९७१ च्या नोव्हेंबरात लिहिलेला आणि पुढल्या वर्षी प्रसिद्ध झालेला हा निबंध पूर्व बंगालच्या निर्वासितांविषयी होता, हे त्याच्या कीर्तीत बहुधा विसरले जाते. आणि त्या निर्वासितांच्या मोठ्या छावण्यांपैकी एक सॉल्ट लेकमध्ये होती! तेव्हा भराव घातलेली जमीन मोकळी पडली होती. सांडपाण्याच्या कामासाठी आणलेल्या सिमेंटच्या रुंद नळांत काही कुटुंबांनी संसार मांडले होते. तत्त्वज्ञाने उदाहरणादाखल घेतलेले तळे कल्पित होते. त्याला ज्यांची आठवण होती, त्यांतली कित्येक माणसे एका बुजवलेल्या सरोवरावर ऊन आणि पाऊस काढीत होती. सिंगर यांचा युक्तिवाद सरस आहे, तरी त्यात एक उणीव राहते. त्यांच्या तळ्याकाठी माणूस एकटा आहे. नावेत तो एकटा नसतो. तेथे प्रत्येकजण शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून आपले कर्तव्य मापतो, आणि चेहरे सहसा घरच्या दिशेने वळलेले असतात.

ही केवळ वाङ्मयातली गोष्ट राहिली असती तर बरे होते. १९७८ साली दंडकारण्यात वसवलेले हजारो बंगाली निर्वासित सुंदरबनातील मरिचझाँपी बेटावर येऊन राहिले. (तशाच निर्वासितांच्या वसाहती गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा आणि चामोर्शी भागांत आहेत, मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटावयाचे कारण नाही.) त्यांनी बेटावर बांध घातले, शाळा काढली. बेट राखीव अरण्य असल्याचे सरकारचे म्हणणे होते. १९७९ च्या जानेवारीत पोलिसांच्या नावांनी बेटाला वेढा घातला, अन्न आणि पाणी तोडले, गोळीबार झाला, आणि मे महिन्यात वस्ती उठवण्यात आली. मृतांच्या संख्येवर आजवर एकमत झालेले नाही. त्या वेढ्यात नाव हे पार नेण्याचे साधन उरले नव्हते. पार होऊ न देणे हेच तिचे काम झाले होते. महानगरात तेव्हा फारशी खळबळ झाली नाही. वाघासाठी राखलेल्या भूमीवर माणसाचा हक्क किती, हा वाद खरा आहे आणि सोपाही नाही. परंतु वाद सुटेपर्यंत पिण्याचे पाणी तोडावे असे कोणत्याही नीतिशास्त्रात बसत नाही.

फ्रेझरगंजहून सहलीच्या नावा जंबूद्वीपाकडे जातात. तेथे हिवाळ्यात मच्छीमार तळ ठोकून मासे सुकवीत. २००२ नंतर अरण्यरक्षणाच्या कारणाने त्यांना बेट बंद झाले. पर्यटकांच्या नावा बेटाला वळसा घालतात. उत्तरेला घोडामारा हे बेट पाण्याने खाऊन निम्म्याहून कमी उरले आहे आणि शेजारचे लोहाचरा पाण्याखाली गेले. तेथली कुटुंबे सागर बेटावर हलली. भाड्याच्या नावेतून हे सारे दिसते आणि दिसतही नाही. कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात जाळे ओढीत कोळंबीचे बी धरणारी बाई दिसते, तिचे छायाचित्र निघते. नावेतल्यांनी तिचे काही घेतलेले नाही. पण भरतीचे वेळापत्रक दोघांना एकच असूनही एकाला ते परतण्याची घाई सांगते आणि दुसऱ्याला पोटाची. पाहणे हा अपराध नव्हे. मात्र नवकुमार नुसता पाहणारा राहिला नाही, लाकडांची गरज पडताच तो उतरला. आजच्या सहलीत लाकडे आधीच भरलेली असतात, स्वयंपाकी ठरलेला असतो. उतरण्याचा प्रसंगच येऊ नये अशी व्यवस्था पैशाने केलेली असते. प्रवाशांच्या मोजणीत नावाड्याच्या हाताखालचे पोर धरले जाते की नाही, एवढे पाहिले तरी त्या व्यवस्थेची ओळख पटते.

काठ सोडून जाणाऱ्या नावांप्रमाणे वळणाऱ्या नावाही आहेत, आणि त्या कोकणच्या आठवणीत आहेत. १९४७ च्या १७ जुलैला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. मुंबईकडे मासे घेऊन चाललेल्या रेवसच्या कोळ्यांनी होड्या वळवल्या, माल पाण्यात टाकला आणि हाती लागतील तेवढ्यांना वर ओढले, असे सांगितले जाते. त्या होड्यांत खल झाला असल्यास त्याची नोंद नाही. ज्यांचे रोजचे जगणे पाण्यावर आहे, त्यांना काठावरचा आणि नावेतला ही अदलाबदल कधीही होऊ शकते हे ठाऊक असते. एका दिवसाच्या प्रवाशाला ते ठाऊक असण्याचे कारण नसते. त्याला ते कल्पनेने जाणावे लागते, आणि कल्पना घाईच्या वेळी सर्वांत आधी साथ सोडते.

नवकुमारचे सोबती सप्तग्रामाकडे परतले तेव्हा त्याला वाघाने खाल्ल्याची वार्ता त्यांनी घरोघर सांगितली. हळूहळू प्रत्यक्ष पाहिल्यासारखे वर्णन होऊ लागले. वाघ किती लांब होता यावर वाद झाला. कोणी आठ हात म्हटले, कोणी चौदा. वाघ त्यांच्यापैकी कोणीही पाहिला नव्हता.