रंगाखालचा सांधा

स्वतःच्या हातांनी घडवलेल्या वस्तूचा न्याय कोणी करावा? ती घडवणाऱ्याने, की दुसऱ्या कोणी? प्रश्न जुना आहे. त्याच्या विचारासाठी आम्ही येथे एक काहीसे अनपेक्षित उदाहरण घेत आहोत. ते म्हणजे घरच्या गॅरेजमध्ये बांधली आणि रंगवली जाणारी तीनचाकी मोटारसायकल. हौशी मंडळी तिला ‘ट्राइक’ म्हणतात.

ब्रिटन, जर्मनी, अमेरिका या देशांत असे वाहन स्वतः बांधणाऱ्यांची परंपरा आहे. त्यांची एक आवडती रीत अशी : फोक्सवॅगनच्या जुन्या ‘बीटल’ मोटारीचा मागचा भाग घ्यायचा. या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल मागच्या बाजूस एकत्रच असतात. इंजिन हवेने थंड होणारे असल्यामुळे रेडिएटरची कटकट नाही. २००३ साली मेक्सिकोत शेवटची बीटल तयार झाली, तोवर अशा दोन कोटी दहा लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या. म्हणून जुने भाग मिळणे अवघड नसे. पुढे मोटारसायकलचे चाक व हँडल आणि या दोहोंना जोडणारा, पोलादी नळ्यांचा, स्वतः वेल्डिंग केलेला सांगाडा. नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी हे काम चालते. कित्येकदा त्यात वर्षे जातात.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. बाजारात तयार वाहने असताना हा पैशाचा आणि वेळेचा अपव्यय नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९८१ साली मानवी श्रमांवर लिहिलेल्या परिपत्रकात श्रमाचे मोल केवळ तयार झालेल्या वस्तूवरून ठरवलेले नाही. श्रम करणारा मनुष्य आहे, ह्यात त्या श्रमाची प्रतिष्ठा आहे, असे त्यांनी प्रतिपादले. निर्गमाच्या पुस्तकात तर देवाच्या आत्म्याने भरलेला म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो बसालेल हा धातू, रत्ने आणि लाकूड यांत काम करणारा कारागीर आहे. नळी कापणारा, पत्रा ठोकणारा, टाकीवर रंगाचे हात चढवणारा मनुष्य आपल्या निर्मात्याने दिलेल्या एका देणगीचाच उपयोग करत असतो. त्याच्या आनंदाला नाके मुरडण्याचे कारण नाही.

खरा नैतिक प्रश्न पुढे येतो, आणि तो लोखंडातच दडलेला आहे. दोनचाकी वाहन वळणावर आतल्या बाजूस कलते. त्यामुळे त्यावर येणारा जोर बराचसा चाकाच्या आणि फोर्कच्या रेषेतून जातो. तीनचाकी कलत नाही. वळणावर ती ताठ राहते आणि पुढचे चाक, फोर्क व हँडलची मान यांवर आडवा ताण येतो. दोन चाकांसाठी बनवलेल्या फोर्कची रचना मुळात अशा ताणासाठी केलेली नसते. म्हणून मानेजवळचा सांधा फार महत्त्वाचा. आता वेल्डिंगचा दोष असा की, कित्येकदा वितळलेली धातू नळीत न मुरता नुसती वर बसते. वरून पाहावे तर टाका सरळ, नीटस. आत मात्र पकड नाही. मग तो घासून सपाट होतो, त्यावर लांबी भरली जाते, पॉलिश पेपर फिरतो, प्रायमर लागतो, रंगाचे थर चढतात आणि शेवटी चकाकणारा पारदर्शक लेप. त्यानंतर चांगला सांधा आणि वाईट सांधा अगदी सारखेच दिसतात.

“गाडी माझी, जीव माझा; तुम्हांला काय?” असे उत्तर येऊ शकते. परंतु अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात घर बांधणाऱ्याला दिलेली एक आज्ञा येथे आठवते. नवे घर बांधशील तर धाब्याला कठडा कर, म्हणजे कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही, असा तिचा आशय आहे. घर त्याचे, धाबेही त्याचेच. पण त्यावर इतरही चढतात. ट्राइकच्या मागच्या आसनावर पत्नी बसेल, मूल बसेल. रस्त्याच्या कडेने कोणी अनोळखी चालत असेल. उद्या ती विकली गेली, तर विकत घेणाऱ्याला दिसणार तो केवळ रंग. रंगकामाचेही तसेच आहे. दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो, आणि धुळीसाठी वापरायचा साधा मास्क त्यापासून संरक्षण देत नाही. फवारा भिंतीपलीकडे जातो. शेजारच्या घरातील श्वासही मग आपल्या कामाच्या कक्षेत येतो.

कायदा आहेच. ब्रिटनमध्ये अशा घरगुती वाहनाची रस्त्यावर येण्यापूर्वी सरकारी तपासणी होते. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी वाहनात बदल करण्याची वाट मात्र मोकळी ठेवली. मागे दोन जादा चाके लावलेल्या स्कूटर महाराष्ट्रात गावोगावी दिसतात. त्या पाहिल्या की प्रश्नाची धार कळते. ज्याच्या पायांत बळ नाही, तो सांधा निखळल्यावर उडी मारून दूर होऊ शकणार नाही. त्याने आपला देह एका अनोळखी कारागिराच्या टाक्यावर सोपवलेला असतो. तपासनीस ब्रेक पाहील, दिवे पाहील. रंगाखालच्या टाक्याच्या पोटात काय आहे, ते त्याला कसे दिसावे?

तेव्हा उरते ती सदसद्विवेकबुद्धी. बसालेलाने कराराचा कोश बाभळीच्या लाकडाचा केला आणि तो आतून व बाहेरून सोन्याने मढवला. झाकण बसल्यावर आतले सोने कोण पाहणार होते? तरीही ते होते. कामातील प्रामाणिकपणाचे याहून सुंदर चित्र आम्हांस ठाऊक नाही.

तथापि विवेकबुद्धी एकटीच पुरेशी आहे, असे म्हणवत नाही. ज्याने दोन वर्षे घाम गाळला, त्याचे आपल्या कृतीवर प्रेम जडलेले असते. आणि प्रेम दोष पाहत नाही. तो खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच टाका मजबूत दिसतो. म्हणून जाणते कारागीर रंगापूर्वी एक चाचणी करतात. सांधा स्वच्छ पुसून त्यावर पातळ लाल द्रव लावायचा, काही वेळाने तो पुसून टाकायचा आणि वर पांढरी पूड फवारायची. पृष्ठभागावर चीर उघडी असेल, तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पण सांधा आत मुरलाच नसेल, तर तो दोष या चाचणीतही निसटू शकतो. त्यासाठी जाणत्या वेल्डरला बोलावून उघडा सांगाडा दाखवावा लागतो आणि त्याने “हा टाका काप” म्हटल्यास कापावा लागतो.

आपली ख्रिस्तसभा प्रायश्चित्त संस्कारात हेच शिकवत आली आहे. आत्मपरीक्षण आपण एकांतात करतो, पण तेथेच थांबत नाही. दुसऱ्या माणसापुढे जाऊन बोलतो. स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश होऊ नये, हे शहाणपण त्यामागे आहे. संसार असो, संस्था असो, मुलांचे संगोपन असो, आपण सारेच काही ना काही बांधत असतो आणि त्यावर रंग चढवण्याची घाई सर्वांनाच असते. रंग जरूर द्यावा, हौसेने द्यावा. त्याआधी एकदा सांधे उघडे असतानाच, ज्याला आपल्या कामाचा मोह नाही अशा एखाद्या जाणत्याला बोलवावे आणि तो काय म्हणतो ते ऐकावे.