पाठ केलेला प्रोग्राम

बेळगावकडे दहावीनंतर विज्ञानशाखेत जाणाऱ्या मुलापुढे प्रश्न असतो तो चौथ्या विषयाचा. जीवशास्त्र घेतले तर वैद्यकाची वाट, संगणकशास्त्र घेतले तर 'पीसीएमसी'. निवड बहुधा आईवडीलच करतात, तीही नोकरीवर डोळा ठेवून. त्यात मला गैर वाटत नाही. संसार सर्वांनाच आहे.

आक्षेप आहे तो पुढील प्रकारास. लेखी परीक्षेला 70 गुण, प्रात्यक्षिकाला 30. पुष्कळ मुले प्रात्यक्षिकाची वही एकमेकांची पाहून उतरवतात, प्रोग्राम स्तोत्रासारखे पाठ करतात आणि संगणकाने त्यांना कधी न दिलेले उत्तर 'आउटपुट' म्हणून सुबक अक्षरात लिहितात. ही लबाडी म्हणावी काय? इतिहासाचे उत्तर पाठ करणाऱ्यास आपण लबाड म्हणत नाही. पण ते उत्तर पुस्तकातले, हे सर्वांस ठाऊक असते. 'आउटपुट' ही मात्र 'मी करून पाहिले' अशी साक्ष असते.

याच अभ्यासक्रमात बूलचे बीजगणित शिकवले जात असे. जॉर्ज बूल हा जोडे शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. विद्यापीठात न शिकलेला. 1854 साली त्याने विचाराचे नियम ग्रंथरूपाने गणितात मांडले. सत्य म्हणजे 1, असत्य म्हणजे 0. अधलेमधले काही नाही.

प्रोग्राममध्ये एक कंस राहिला तर संगणक अडतो, मग मुलगा कोणाचाही असो. तेथे वशिला चालत नाही. सोळाव्या वर्षी असा परीक्षक भेटणे भाग्याचेच (सरकारी नोकरीत तो क्वचित भेटतो). त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा चुकण्याचे तास वही भरण्यात जातात, आणि घरीही विचारले जाते ते एवढेच: वही पूर्ण झाली का?