परतीचा बाण

कळफलकाच्या उजव्या कडेला एक बाण आहे, ↵. तो आधी खाली उतरतो आणि मग काटकोनात वळून डावीकडे निघतो. बाण म्हटला की मनात लक्ष्य उभे राहते; मुंडकोपनिषदाने तर प्रणवाला धनुष्य, आत्म्याला बाण आणि ब्रह्माला लक्ष्य म्हटले. या बाणाला मात्र भेदायचे काही नाही, केवळ परतायचे आहे. म्हणून त्याच्याकडे पाहताना मला वाल्मीकींच्या युद्धकांडातला तो बाण आठवतो, जो रावणाचे हृदय विदीर्ण करून, कार्य आटोपताच, निमूटपणे रामाच्या भात्यात परत येतो.

या चिन्हाचे गोत्र टंकलेखन यंत्रात आहे. ‘मराठी तीस’च्या परीक्षेसाठी मी टायपिंगच्या क्लासला जात असे, तेव्हा ओळ संपत आली की घंटी किणकिणे, डावा हात कळांवरून उठे आणि कॅरेजची दांडी ढकली, त्या एकाच झटक्यात आधी रूळ फिरून कागद ओळभर वर सरके आणि मग सगळी कॅरेज खडखडत उजवीकडे जाई. म्हणजे कागद वर आणि हात उजवीकडे. बाण मात्र खाली आणि डावीकडे. ही विसंगती मला फार उशिरा उमगली. बाण हाताच्या बाजूने काढलेलाच नाही, अक्षर जिथे उमटते त्या बिंदूच्या बाजूने काढला आहे. यंत्रात तो बिंदू जागचा हलत नसे, कागदच त्याच्यापुढून वाहत असे. तरी आपण लिहिणे पुढे गेले असेच म्हणत आलो, सूर्य उगवला म्हणतो तसे.

दूरमुद्रकांनी त्या झटक्याच्या दोन आज्ञा केल्या, समासाकडे परत जा आणि एक ओळ खाली उतर. आस्की संकेतात त्या १३ आणि १० या अंकांवर स्थिरावल्या. परतीची आज्ञा आधी धाडत, कारण परतायला वेळ लागे, आणि दुसरी आज्ञा पार पडेपर्यंत त्या लोखंडाला आपली वाट पुरी करता येई. पडद्यावर आता असे लोखंड नाही. युनिक्सने १० एवढाच ठेवला, पण विंडोजच्या साध्या मजकुरात ओळीअखेर ही जोडी अजून नांदते. यंत्र गेले तरी त्याचा धीर धरण्याचा संस्कार मागे राहिला, याचे मला अतोनात अप्रूप वाटते.

आंध्रातल्या एर्रगुडीच्या अशोककालीन शिलालेखात काही ओळी डावीकडून उजवीकडे, तर काही उजवीकडून डावीकडे कोरल्या आहेत, बैल तासाच्या टोकाशी वळून शेजारचे तास धरतो तशा. प्राचीन ग्रीकांतही ही रीत होती, आणि तिचे ग्रीक नाव बैलाच्या वळण्यावरूनच आले. तिथे परतीची वाट रिकामी जात नाही. आपण ती रीत सोडली आणि प्रत्येक ओळीनंतर काहीही न लिहिता तेवढेच अंतर मागे येणे पत्करले. मला त्यात अपव्यय दिसत नाही; नुकते लिहिलेले शब्द त्या अक्षरशून्य वाटेवर मनात एकदा घुमून जातात, आणि कितीतरी वाक्यांचा पुढचा अर्धा भाग मला तिथेच सापडला आहे.

आता ओळ आपोआप वळते. बाण परिच्छेदाच्या अखेरीपुरता उरला आहे. तरी एखादे लांब वाक्य कडेशी येऊन ठेपले की माझा डावा हात कळांवरून किंचित उठतो, हवेत दांडी शोधतो आणि पुन्हा खाली येतो.