पहिले गिऱ्हाईक



गेल्या श्रावणातील प्रवचनमाला संपल्यावर एका भक्ताने आम्हांस थांबवून विचारले, "स्वामीजी, शरणांनी संग्रह वर्ज्य मानला. मग दलित वस्तीतील मुलांनी नोकरीची वाट न पाहता उद्योग काढावेत, भांडवल उभारावे, आणि आपण त्यांस साह्य करावे, हे आपले सांगणे शरणतत्त्वाशी कसे जुळते?" प्रश्न प्रामाणिक होता. विचारणारे गृहस्थ पेठेत तीन दुकानांचे मालक आहेत, एवढे मात्र येथे नमूद करून ठेवतो.

त्यांच्या मनात आयदक्की लक्कम्मा होती. तिची कथा वाचकांस नवी नाही. मारय्या बसवण्णांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणीत. एके दिवशी नेहमीपेक्षा अधिक आणले, तेव्हा लक्कम्माने ते परत टाकून यावयास सांगितले. या कथेतून 'गरिबाने गरिबीतच समाधान मानावे' असा बोध जो काढतो, त्याने ती उलट्या बाजूने वाचली असे आम्ही म्हणू. लक्कम्माने नाकारले ते दुसऱ्याच्या अंगणातील गरजेपेक्षा अधिक धान्य. आपल्या श्रमाचे मोल कमी घ्यावे असे ती कोठेही म्हणाली नाही. शिवाय ती स्वतःच्या घरात, स्वतःच्या पतीशी बोलत होती. भरल्या कोठाराच्या धन्याने तिच्या झोपडीत येऊन तिला अपरिग्रह शिकविला नव्हता. कातडे विकत घेण्यापासून तयार चपलेचे पैसे हाती येईपर्यंत महिना-दोन महिने जातात. तेवढ्या काळात घर चालावे आणि पुढचे कातडे घेता यावे, यासाठी जो पैसा लागतो त्यास भांडवल म्हणतात. चर्मकाराच्या रापी आणि आरीसारखेच तेही कायकाचे अवजार आहे. संग्रहाचा दोष त्यास लागत नाही.

हे उत्तर आम्ही त्या गृहस्थांस दिले आणि त्यांचे समाधान झाले. आमचे मात्र झाले नाही. पैसा हे अवजार आहे एवढे मान्य केल्यावर पुढचा प्रश्न उरतोच. ज्यांस बाजारपेठेच्या बाहेर पिढ्यान्‌पिढ्या ठेवले, त्यांच्या हाती ते अवजार दिले की आपले ऋण फिटले काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली लंडनहून परतले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला असा माणूस त्या काळी मुंबईत शोधून सापडला नसता. बडोद्याची नोकरी अपमानामुळे सोडावी लागल्यावर त्यांनी मुंबईत शेअर आणि गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. या धंद्यास फारसे भांडवल नको होते. लागत होते ते ज्ञान, आणि ते त्यांच्यापाशी भरपूर होते. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो व्यवसाय बंद पडला. 1918 च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. मधली ही लहानशी गोष्ट मात्र आपण सहसा सांगत नाही.

त्याच काळाच्या आसपास कोल्हापुरात एक वेगळी गोष्ट घडली. छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे सेवक होते. पाण्याच्या हौदास शिवल्याबद्दल त्यांस बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांस शिक्षा केली, आणि गंगारामांस नोकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढावयास सांगितले. त्यासाठी पैसेही दिले. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान घातले. दुकान स्वच्छ होते, चहा चांगला होता, पण पिणारा कोणी नव्हता. हे कळल्यावर महाराजांनी आपली गाडी त्या दुकानासमोर थांबविली, चहा मागविला, स्वतः घेतला आणि बरोबरच्या मंडळींसही घ्यावयास लावला. महाराजांनी घोट घेतल्यावर नाही कोण म्हणणार?

ही कथा महाराजांचे औदार्य म्हणून सांगतात. आम्हांस तिच्यात औदार्यापेक्षा व्यवहाराची जाण अधिक दिसते. पैसे त्यांनी आधीच दिले होते आणि ते पुरले नाहीत, हे त्यांनी ओळखले. दुकानास जे हवे होते ते कोणत्याही तिजोरीत नव्हते. ते बाहेरून रस्त्याने यावे लागत होते. दान आणि दासोह यांतील अंतर शोधणाऱ्यांनी ही कथा मनात घोळवावी. दानात देणाऱ्याचा हात वर राहतो. दासोहात देणाराच 'दास' होतो. शब्दाची फोडच तशी आहे. गिऱ्हाईक म्हणून उभा राहणारा माणूस काही मागत असतो, आणि दुकानदार त्यास ते देतो. वर-खालीचा प्रश्न तेथे बराचसा मिटतो.

अलीकडच्या काळात शासनाने दोन्ही वाटा धरल्या. 2016 च्या स्टँड-अप इंडिया योजनेत अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींस आणि स्त्रियांस नव्या उद्योगासाठी 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत कर्ज देण्याची तरतूद झाली. तत्पूर्वी 2012 च्या खरेदी धोरणात केंद्राची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी आपल्या खरेदीपैकी 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून करावी असे ठरले. मिलिंद कांबळे यांनी 2005 साली पुण्यात स्थापन केलेली दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संस्था अशा मागण्यांचा पाठपुरावा करीत आली आहे. पहिली योजना पैसा देणारी, दुसरी गिऱ्हाईक देणारी. दुसरीची चर्चा कमी होते, पण आमच्या मते मोलाची तीच.

आमच्या भागातील चपलेची गोष्ट मात्र याहून गुंतागुंतीची आहे. कोल्हापुरी चपलेस गिऱ्हाईक कधीच कमी नव्हते. अथणी, निपाणीच्या घरांत हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावलेल्या कातड्याची चपला घडते. वेणी घालण्याचे नाजूक काम बहुधा स्त्रियांकडे असते. माल हातोहात खपे, पण करणाऱ्याचे नाव कोणास ठाऊक नसे, आणि वेणी घालणारीची मजुरी घरकामातच जिरून जाई. 1990 च्या दशकाच्या अखेरीस अथणीत या स्त्रियांचे बचत गट झाले, 'टोहोल्ड' या नावाने त्यांचा माल परदेशी जाऊ लागला, तेव्हा त्यांच्या कामाचा हिशेब त्यांच्याच नावे मांडला जाऊ लागला. 2019 साली महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या चार-चार जिल्ह्यांस मिळून या चपलेचे भौगोलिक मानांकन मिळाले. तरी 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा कंपनीने तशाच चपला मांडल्या त्या मूळ गावाचे नाव न घेता. ओरड झाल्यावर मग ते मान्य केले. दूरच्या कंपनीवर रागावणे सोपे असते. आम्हीही रागावलो होतो.

आता आमच्या घरची गोष्ट. मठाच्या रस्त्याकडील बाजूस भाड्याचे गाळे आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांतील एक रिकामा झाला, तेव्हा चर्मकार समाजातील एक तरुण आला. घरी बनविलेल्या चपलांचे दुकान त्यास काढावयाचे होते. भाड्यात सवलत त्याने मागितली नव्हती. विश्वस्तांपैकी काहींचे म्हणणे पडले की मठाच्या दारात चपलांचे दुकान शोभणार नाही. त्याच दारात दर सोमवारी चपलांचा ढीग पडतो, हे कोणाच्या ध्यानात आले नाही; आमच्याही नाही. आम्ही त्या तरुणास 'पुढे पाहू' म्हणालो, आणि वाईट वाटू नये म्हणून पाकिटात पाच हजार रुपये घालून आशीर्वाद दिला. गाळा मोबाईल विकणाऱ्यास गेला. त्याच वर्षी आम्ही हरळय्यांवर प्रवचन केले. बसवण्णांनी एकदा अधिक वंदन केले, ते ऋण मानून ज्याने पती-पत्नीच्या मांडीच्या कातड्याची पादत्राणे शिवली, त्या शरणाविषयी बोलताना आमचा कंठ दाटून आला होता. श्रोतेही गहिवरले.

त्या तरुणाने ते पाच हजार वर्षभरात, थोडे थोडे करून, मठाच्या कचेरीत भरले. पावत्या आम्ही नंतर पाहिल्या. आम्ही दान दिले होते; त्याने ते कर्ज ठरविले.

येत्या चैत्रात एका गाळ्याचा करार संपतो. विश्वस्तांची बैठक झाली, एकमत झालेले नाही. गाळ्यांच्या भाड्यावर वसतिगृहाचे स्वयंपाकघर चालते, म्हणून नव्या धंद्यास गाळा देताना भाडे बुडण्याची भीती काहींस वाटते, आणि ती अगदीच निराधार नाही. तो विषय पुढील बैठकीत निघेल. तोवर एक काम आमच्या हाती आहे. वसतिगृहातील मुलांच्या चपला दरवर्षी आम्ही ठोक बाजारातून आणवितो. यंदा त्या तरुणास मुलांच्या पायांची मापे घेण्यास बोलाविले आहे. दर त्याने सांगावयाचा आहे.