तपासलेले जबाब

कंबोडियातल्या नॉम पेन्हच्या तुओल स्लेंग संग्रहालयात ही एके काळची शाळा आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. तीन मजली इमारती, मधले पटांगण, लांब व्हरांडे, ओळीने वर्ग. पण वर्गांतल्या फरशीवर ओबडधोबड विटांच्या भिंती घालून माणूस जेमतेम मावेल एवढ्या कोठड्या केलेल्या आहेत. व्हरांड्याला काटेरी तारेचे जाळे आहे, कैद्यांनी वरून उडी टाकून जीव देऊ नये म्हणून. मुलांच्या कसरतीचा खांबही छळाला वापरला गेला. १९७५ ते १९७९ या काळात कंबोडियावर सत्ता गाजवणाऱ्या ख्मेर रूज राजवटीचा ‘एस-२१’ हा तुरुंग इथे होता. किमान १२,२७२ माणसे त्याची बळी ठरल्याचे या राजवटीच्या गुन्ह्यांचा खटला चालवणाऱ्या न्यायालयाने २०१० च्या निकालात नोंदवले आहे.

पाप अज्ञानातून घडते, असे आपण सहज म्हणून जातो. जाणूनबुजून कुणी वाईट करत नाही, हे सॉक्रेटिसचे मत. बौद्ध विचारात दुःखाच्या साखळीची पहिली कडी अविद्या, आणि कंबोडिया तर बौद्धांचाच देश. ही समजूत या इमारतीत टिकत नाही, असे मला वाटते. एस-२१ चा प्रमुख कैंग गुएक इयाव ऊर्फ डुच हा गणिताचा शिक्षक होता. ‘डुच’ हे नावही त्याने लहानपणीच्या पुस्तकातल्या एका आज्ञाधारक मुलावरून घेतले होते. कैद्यांची चौकशी करणारा त्याचा सहकारी माम नाय हाही शिक्षकच. छळ करून लिहवून घेतलेले जबाब डुच बारकाईने वाचायचा, समासात शेरे मारायचा, अपुरे वाटले तर पुन्हा लिहवून घ्यायला लावायचा. शिक्षक वह्या तपासतो, तसेच हे काम चालायचे. नोंदी, शिस्त, टापटीप, शेरा: शाळेत कमावलेले कसब त्याने इथे जसेच्या तसे वापरले.

यावर कुणी म्हणेल, पहारेकरी तर बहुतेक खेड्यातली, फारसे न शिकलेली पोरे होती. आणि याच राजवटीने शाळा बंद केल्या, शिक्षकांना मारले. हे खरेच आहे. पण त्या पोरांना हुकूम देणारे शिकलेले होते, खुद्द राजवटीचा प्रमुख पोल पॉट याने नॉम पेन्हच्या शाळेत शिकवले होते. जोतीराव फुल्यांनी अविद्येला अनर्थाचे मूळ म्हटले, ते ज्यांना विद्या नाकारली गेली त्यांच्याविषयी. विद्या असलेले लोक काय करतात, याबद्दल त्यांचा भ्रम नव्हता. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. अविद्या म्हणजे पुस्तकी अज्ञान नव्हे, ‘मी’पणाचा पडदा, तो डुचच्या डोळ्यांवर होताच. मान्य. पण पापापासून जे अडवते तेच खरे ज्ञान, अशी व्याख्या केली तर सिद्धांत कधीच खोटा ठरणार नाही आणि काही सांगणारही नाही. एवढे मात्र त्यातून हाती लागते की समोरच्याला माणूस म्हणून पाहणे ही वेगळी साधना आहे. ती गणिताबरोबर आपोआप येत नाही, आणि निरक्षराला ती अशक्यही नाही.

इथल्या भिंतींवर कैद्यांचे हजारो फोटो लावलेले आहेत. ते तुरुंगानेच काढले, दप्तरासाठी. त्यांत बाळाला जवळ घेतलेल्या एका आईचा फोटो आहे. उजेड नीट पडला आहे, चेहरा स्पष्ट आला आहे. पाहण्यात काहीच कसूर झालेली नाही. तिची नोंद झाली, फाईल झाली, आणि ती फाईल शिकलेल्या माणसांच्या हातांतून पुढे सरकत गेली.