केंद्रस्थानी मी नाही

दिल्लीतील कोपर्निकस मार्ग अनेक मराठी माणसांना परिचित आहे, कारण जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. पृथ्वी विश्वाच्या केंद्रस्थानी नाही, हे कोपर्निकसने १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. पृथ्वीबद्दल आपण ते मान्य केले. स्वतःबद्दल केले आहे का?

सर्दी होते, घसा धरतो. अशी बहुतेक दुखणी विषाणूंमुळे होतात आणि अँटिबायोटिकचा विषाणूंवर काहीच परिणाम होत नाही. तरीही मागच्या आजारपणातील उरलेल्या गोळ्या आपण घेतो. ‘माझे शरीर, माझी गोळी, यात दुसऱ्याचे काय गेले?’ पण त्या गोळीने दुबळे जिवाणू मरतात आणि तिला न जुमानणारे वाढतात. हातांवरून, सांडपाण्यातून ते पुढे जातात.

याच दिल्लीचे नाव अशा एका प्रतिकारक जनुकाला मिळाले आहे. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात ते २००८ साली आढळले. पुढे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिल्लीतील नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ आणि रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांतही ते सापडले.

याची सर्वांत मोठी किंमत अतिदक्षता विभागातील रुग्ण मोजतो. त्याच्या श्वासनलिकेत नळी आणि शिरेत सुई असते. प्रतिकारशक्ती खचलेली असते. नेहमीची औषधे निकामी ठरली की डॉक्टरांना कोलिस्टिनसारखे, मूत्रपिंडांना इजा करू शकणारे औषध द्यावे लागते. कधी तेही चालत नाही. एका जागतिक अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये प्रतिकारक जिवाणूंमुळे सुमारे १२.७ लाख माणसे दगावली.

ज्याचे कर्म त्यालाच फळ, असे आपण म्हणतो. इथे कर्म माझे असते आणि फळ अनोळखी माणसाच्या खाटेवर जाऊन पडते. माझा हेतू वाईट नव्हता, हे खरे. पण कळल्यानंतर ‘हेतू नव्हता’ हे उत्तर पुरत नाही. जो दिसत नाही त्यालाही न दुखावणे, ही अहिंसेची खरी कसोटी आहे.

याचा अर्थ औषध नाकारावे असा नाही. ज्याला गरज आहे त्याने ते अवश्य घ्यावे. हाती रोजंदारी असलेल्या, एक दिवसही घरी न बसू शकणाऱ्या माणसाला दोष देणेही योग्य नाही. परंतु ज्यांना थांबणे परवडते, त्यांनी तरी थांबावे.

आज एक संकल्प करूया. लाल रेघ असलेली गोळी डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेणार नाही. रुग्णाला भेटायला जाताना आणि भेटून निघताना हात धुऊ. ही सेवा कोणाला दिसणार नाही, त्यासाठी कोणी आभारही मानणार नाही. केंद्रातून ‘मी’ बाजूला झाला की आभारांची अपेक्षाही उरत नाही.